घरात न टिकणारा मुलगा होस्टेलवर का रडतो?

प्रश्न : लातूरला असताना आमचा मुलगा घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तर रोज रात्री फोनवर रडतो, ‘परत येतो’ म्हणतो. बारावीला उत्तम गुण होते. इथे गणिताच्या पहिल्याच चाचणीत नापास झाला. ज्याचा पाय घरात ठरत नव्हता, त्याला घराची एवढी ओढ कशी?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, घर पाठीशी होतं म्हणूनच तो दिवसभर बाहेर रमायचा. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ 1954 च्या सुमारास युगांडात तान्ह्या मुलांचं निरीक्षण करत होत्या. आई जवळ असली की बाळ रांगत लांब जायचं, मधूनच वळून तिच्याकडे बघायचं आणि पुन्हा खेळायला लागायचं. आई दिसेनाशी झाली की खेळणं थांबायचं. अठराव्या वर्षी गरज तीच असते, फक्त अंतर वाढलेलं असतं. संध्याकाळी परतायला घर आहे, हे तुमच्या मुलाला कधी मुद्दाम आठवावं लागलं नव्हतं.

त्यातच दुसरा आधारही सुटला. गावात तो हुशार म्हणून ओळखला जायचा. इथे वर्गात बहुतेक सगळेच आपापल्या गावचे हुशार. मन चिंतेत गुंतलं की समोरचं गणित डोक्यात शिरत नाही, गुण घसरले की चिंता वाढते. त्यामुळे ‘आधी अभ्यास कर, मग बरं वाटेल’ असं त्याला सांगू नका. तो आळशी नाही. पहिल्या वर्षी विषय राहिला तरी एटीकेटी (राहिलेल्या विषयासह पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) असते, हे बाबांनी शांतपणे सांगितलं तर त्याचा फार मोठा भार उतरेल.

त्याला लगेच परत आणू नये, असं मला ठामपणे वाटतं. पण घरी यायची तारीख आजच ठरवा. दिवस मोजता आले की तग धरता येतो. फोनची वेळही ठरलेली असू द्या. रडू आलं की फोन, ही सवय लागली तर शेजारच्या खोलीचं दार वाजवायचं राहून जातं. मेसमध्ये रोज कोणासोबत जेवतो, हे त्याला जरूर विचारा. तिथलं एखादं माणूस आपलं झालं, की पाठीशी काहीतरी उभं राहतं. गणपती-दिवाळीला येऊन गेल्यावर रडणं पुन्हा उसळू शकतं, तेव्हा घाबरू नका.

बहुतेकांची ही ओढ हळूहळू सौम्य होते. ती महिनोन्‌महिने टिकून रोजचं जगणं अडवू लागली, तर तो उपचार करण्यासारखा विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेनुसार आपल्या माणसांपासून दुरावण्याच्या चिंतेच्या या विकाराचं निदान मोठ्या माणसांतही होतं. मात्र जेवण-झोप तुटली, वर्गात जाणंच बंद झालं किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द आले, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. त्याला एकटं न ठेवता तुमच्यापैकी कोणीतरी लगेच पुण्याला निघा.