डोळ्यात शिरणारी सुरी दिसते का?

प्रश्न : आमच्या अण्णांना (वय ७४) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. ‘पूर्ण भूल देणार नाही, तुम्ही जागेच असाल,’ असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी धसका घेतलाय. ‘सुरी येताना दिसणार, आणि मी डोळा तरी मिटणार नाहीतर उठून तरी बसणार,’ हे त्यांचं पालुपद. खरंच दिसतं का? आणि एवढ्या नाजूक कामाला माणसाला झोपवत का नाहीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सुरी सुरीसारखी दिसत नाही. उजेड मात्र भरपूर दिसतो.

आपल्याच पापण्यांचे केस आपल्याला कधी नीट दिसतात का? वस्तू डोळ्याच्या फार जवळ आली की तिची आकृतीच बनत नाही. इथे तर हत्यार डोळ्यालाच टेकलेलं असतं, बाहुली थेंब घालून मोठी केलेली असते आणि वरून मायक्रोस्कोपचा दिवा थेट आत. फार तर एखादी सावली सरकल्यासारखी वाटते. डोळा मिटण्याची भीतीही सोडा. पापण्या एका बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या धरलेल्या असतात. मिटू म्हटलं तरी मिटत नाहीत, आणि सतत पाणी सोडत असल्यामुळे डोळा कोरडाही पडत नाही.

माझा डोळा नुसत्या थेंबांच्या भुलीवर झाला. चेहऱ्यावर हिरवं कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक. आधी दिव्याचे पांढरे गोळे दिसले, मग ते विरघळले आणि गुलाबी-निळे पट्टे हलायला लागले. कानामागे गार पाणी ओघळत होतं. यंत्राचा सूर मधूनच चढायचा, उतरायचा. ‘खाली बघा... आता दिव्याकडे,’ एवढंच डॉक्टर बोलत होते. दुखलं नाही, पण डोळ्यावर दाब जाणवला. तो जाणवतोच, हे अण्णांना आधीच सांगा. काय दिसेल याची कल्पना आधी दिलेल्या रुग्णांना भीती कमी वाटते, असं अभ्यासांतही आढळलंय.

भुलीची दुसरी तऱ्हा म्हणजे डोळ्याच्या बाजूने इंजेक्शन. सुई टोचताना कळ येते, पण मग डोळा हलत नाही, आणि पुष्कळांना दिसणंही अंधुक होतं किंवा पार थांबतं. काही तासांनी ते परत येतं. अण्णांचा जीव फारच घाबरा होत असेल, तर कोणती भूल हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल.

आता झोपवत का नाहीत ते. मोतीबिंदूचे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाचं हृदय नाजूक. दहा-वीस मिनिटांच्या कामासाठी त्यांच्यावर पूर्ण भुलीचा भार कशाला टाकायचा? शिवाय भुलीतून बाहेर येताना माणूस खोकतो, ओकतो, आणि डोळ्यातला दाब वाढतो. लहान मुलं किंवा ज्यांना स्थिर पडून राहणं जमतच नाही, त्यांना मात्र झोपवतात. अण्णांनी एकच नियम पाळायचा : खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी तोंडाने सांगायचं, डोकं हलवायचं नाही. हे काही नवं नाही. प्राचीन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूची जी क्रिया लिहिली आहे, तिच्यातही रुग्ण जागाच असतो. त्याने स्वतःच्या नाकाकडे बघत राहायचं आणि नंतर खोकणं, शिंकणं, ढेकर देणं टाळायचं. फक्त तेव्हा त्याला बांधून बसवावं लागे.

ते बांधणं सुटलं १८८४ साली. व्हिएन्नातला कार्ल कोलर हा तरुण डॉक्टर डोळा बधिर करणारं औषध शोधत होता. त्याच्याच इस्पितळातला त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड कोकेनवर काम करत होता. कोकेनने जीभ बधिर होते, हे कळल्यावर कोलरने त्याचा द्राव आधी बेडकाच्या डोळ्यात घातला, नंतर स्वतःच्या. टाचणी टोचली तरी कळेना. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचून दाखवला. म्हणजे स्थानिक भुलीची वाट डोळ्यापासूनच सुरू झाली. आज कोकेन नाही, त्याहून सुरक्षित औषधं आहेत. छेदही जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा. ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेली लेन्स आत उलगडतात. बहुधा टाका लागत नाही.

नंतरचं पथ्य लोकांनी फार वाढवून ठेवलंय. आंबट बंद, फक्त मऊ भात, ऑपरेशन थंडीतच, मोतीबिंदू ‘पिकल्यावर’च : यातलं काही पाळायची गरज नाही. उलट पिकून टणक झालेला मोतीबिंदू फोडायलाच जास्त त्रास. जपायचं ते असं : डोळा चोळायचा नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, रात्री डोळ्यावर ढाल लावायची, आणि थेंब न चुकता, बहुधा चार-सहा आठवडे घालायचे. थेंब घालण्यापूर्वी हात धुवायचे. थेंबांनाच लोक कंटाळतात. डोळा बरा वाटला म्हणून स्वतःच थांबवतात, आणि सूज पुन्हा येते.

पहिले काही दिवस खडे टोचल्यासारखं वाटेल, उजेड सहन होणार नाही. काळा चष्मा त्यासाठीच. पांढरा सदरा अचानक निळसर दिसला तर अण्णांनी घाबरू नये. पिवळट झालेलं भिंग निघून गेल्यावर अडलेला निळा प्रकाश आत येतो, एवढंच. पण दुखणं वाढत गेलं, दिसणं कमी झालं, लाली वाढली, विजा चमकल्यासारख्या वाटल्या किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टरांना गाठा.

अण्णा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात का? घेत असतील किंवा पूर्वी घेतलं असेल तर डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. माहीत असलं तर डॉक्टर तयारीने बसतात. मात्र गोळी परस्पर बंद करू नका, तिचा परिणाम तशाने जात नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही विचारूनच ठरवा. नवा चष्मा महिना-दीड महिन्याने, नंबर स्थिरावल्यावर.