बोहाडा : पावलांत जपलेली आठवण

नाटकाला लिखित संहिता हवी, असे आपण वर्गात शिकतो. बोहाड्याला ती नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात होळीनंतरच्या दिवसांत कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी हे आदिवासी हा उत्सव करतात. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे गावाच्या वाटेवरून नाचत येतात. प्रारंभी गणपती, शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध. बोलणे थोडे, कथा कळते ती पावलांतून.

सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्यामुळे एकट्याला सारा बोहाडा येत नाही. तो साऱ्या गावाला मिळून येतो. एक घर गळाले, की कथेचा तेवढा भाग गळाला.

आमच्या घरीही एक सोंग आहे. वडिलांना अक्षरओळख नाही, पण संबळाच्या पहिल्या ठोक्याला त्यांचे पाऊल उचलते. परीक्षेमुळे दोन वर्षे मी बोहाड्याला गेलो नाही. आमच्या घरातील पहिला पदवीधर मी होईन; परंतु ती चाल वहीत उतरवून घेता येत नाही. ती वडिलांच्या मागे नाचूनच शिकावी लागेल. यंदाच्या सुटीतील पहिला अभ्यास तोच.