दिवाळीचं जेवण वाटायचंय, पण कसं?

प्रश्न : बेंगळुरूतल्या आमच्या सोसायटीतली काही मराठी कुटुंबं दिवाळीत गरजूंना जेवण देऊ इच्छितात. घरी शिजवावं की उरलेलं गोळा करावं?

उत्तर : शहरात दोन्ही वाटा मळलेल्या आहेत. 2014 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक हॉटेलं आणि लग्नसमारंभांतलं उरलेलं अन्न वस्त्यांमध्ये पोचवतात, बेंगळुरूतही. रोख देणगी मात्र ते घेत नाहीत. हलसूरच्या गुरुद्वारात लंगर असतो. तिथं पोळ्या लाटायला हात हवेच असतात.

उरलेल्या अन्नवाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत. व्यवहारात मुद्दा एवढाच, की शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांखाली गार राहावं. सिल्क बोर्डच्या चौकात टेम्पो अडकला की हे गणित कोलमडतं! अशा वेळी लिंबू पिळलेलं चित्रान्न बऱ्यापैकी निभावतं, ओल्या खोबऱ्याची चटणी लवकर आंबते. ती टाळलेलीच बरी.

लाडू-चिवडा बहुतेक सगळेच नेतात. बांधकाम मजुरांच्या वस्तीत सणाच्या दुसऱ्या दिवशीचा गरम वरणभात जास्त उपयोगी पडेल. किती ताटं, किती वाजता, हे मात्र तिथल्या मुकादमाला आदल्या दिवशीच विचारून घ्यावं.