नारळ द्यावा, पण जपून

अगं, अमराठी लोकांना मराठी शिकवायला निघालीस, छान केलंस. फक्त पहिल्याच तासाला फळाभर डोळे काढू नकोस. मी काढले होते. डोळा लागणे, डोळा मारणे, डोळे येणे, डोळ्यांत भरणे, अशी लांबलचक यादी. दुसऱ्या दिवशी वर्गातले एक सभ्य गृहस्थ म्हणाले, "काल लोकलमध्ये मी डोळा मारला आणि माझं स्टेशन गेलं." बिचाऱ्यांना झोप लागली होती. चूक त्यांची नव्हती, माझ्या यादीची होती. तेव्हापासून तासाला दोनच वाक्प्रचार, तेही एकमेकांशी न मिळणारे.

आणि ते 'णे' लावून देऊ नकोस. 'डोळा लागणे' असं घरात कोणी बोलतं का? अर्थ त्यांना पटकन कळतो, अडतं ते विभक्तीपाशी. 'माझा' डोळा लागला, 'माझ्या' नाकी नऊ आले, 'मी' हात टेकले. अख्खं वाक्यच तोंडात बसव.

हिंदीवाल्यांचं अर्धं काम झालेलं असतं, म्हणून तेच जास्त घसरतात. भूक लागली की त्यांच्या पोटात उंदीर धावतात. आपल्या पोटात कावळे ओरडतात. यावर वर्ग हसतो आणि कावळे कायमचे लक्षात राहतात.

खरी जपायची जागा वेगळीच. माझी एक विद्यार्थिनी सत्काराहून आली आणि ऑफिसभर सांगत सुटली, "साहेबांनी मला नारळ दिला!" सगळे चिडीचूप. नोकरी गेली असंच वाटलं त्यांना. हातात खरोखर नारळ होता गं, पण तिथे 'श्रीफळ' म्हणायचं असतं. 'खांदा देणे'ही तसंच. मदतीच्या अर्थाने कोणी वापरलं तर तिथल्या तिथे थांबव आणि 'हातभार लावणे' दे.

'पाणी सोडणे' शिकवशील तेव्हा पळी-ताम्हन घेऊन जा. दान देताना हातावरून पाणी कसं सोडतात ते करून दाखव, अर्थ सांगावाच लागत नाही. पण प्रत्येक वाक्प्रचाराला अशी गोष्ट जोडत बसू नकोस. माहीत नसेल तर 'बघून सांगते' म्हणावं.

बघायला दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' आहे माझ्याकडे, दोन्ही भाग. घेऊन जा. मात्र परत आण; त्यावर पाणी सोडायची माझी तयारी नाही.