लसूण गिळावा की ठेचावा?

प्रश्न : माझं वय ५८. रक्तदाब थोडा वर असतो, कोलेस्टेरॉलही सीमारेषेवर आहे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून रोज सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या पाण्याबरोबर गोळीसारख्या गिळतो. याचा खरंच उपयोग होतो का? की जेवणातला लसूण पुरेसा आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लसणाचा उपयोग होतो, पण बेताचा होतो. आणि अख्खी पाकळी गिळली तर त्या बेताच्या उपयोगातलाही बराचसा वाया जातो.

एक पाकळी सोलून नाकाशी धरून पाहा, वास जेमतेम येतो. तीच खलबत्त्यात टाकून एक घाव घातला की वास घरभर होतो. लसणाच्या गुणांचं मूळ त्या एका घावात आहे. पाकळीत अ‍ॅलिइन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि त्यापासून वेगळ्या जागी साठवलेलं अ‍ॅलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. पाकळी धड असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही. ती ठेचली, चिरली किंवा चावली की मधले पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होऊ लागतं. तो झणका अ‍ॅलिसिनचा. जमिनीत किडीनं किंवा बुरशीनं पाकळी पोखरली, तर तिला पिटाळायला लसणानं केलेली ही स्वतःची सोय आहे. १९४४ साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी अ‍ॅलिसिन वेगळं काढलं आणि ते जिवाणूंना मारक आहे हे दाखवून दिलं.

आता तुमच्या गिळलेल्या पाकळीचं काय होतं ते पाहू. ती धडच्या धड जठरात पोचते. तिथल्या तीव्र आम्लात ते विकर निकामी होतं आणि अ‍ॅलिसिन फारसं तयारच होत नाही. म्हणून लसूण कच्चा खायचाच असेल तर ठेचून किंवा नीट चावून खा. अनशापोटी खाल्ल्यानं जास्त गुण येतो असं काही नाही. उलट पुष्कळांना जळजळ आणि मळमळ होते. जेवताना खाल्लेला लसूणही तितकाच कामाचा.

उष्णतेनंही हे विकर मरतं. सोललेली पाकळी तशीच कढत तेलात गेली तर अ‍ॅलिसिन बनायला वेळच मिळत नाही. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की लसूण फक्त एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये तापवला तरी त्याचा संरक्षक गुण गेला. पण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग तापवला, तर त्यातला काही भाग टिकून राहिला. घरात यासाठी वेगळं काही करायला नको. भाजी निवडायला बसण्याआधी लसूण ठेचून ठेवा. भाजी चिरून होईपर्यंत दहा मिनिटं होतातच.

रक्तदाबाबाबत लसणाच्या बाजूनं बऱ्यापैकी पुरावा आहे. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं रक्तात गेल्यावर तांबड्या पेशी त्यांच्यापासून किंचित हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. अलाबामा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली ही क्रिया उलगडली. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता, अशांवरच्या चाचण्यांचा २००८ साली एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात वरचा आकडा सरासरी ८ नि खालचा ७ अंकांनी उतरलेला दिसला. मात्र त्या चाचण्या बहुतेक लसणाच्या भुकटीच्या गोळ्यांच्या होत्या, लहान होत्या, आणि ज्यांचा रक्तदाब ठीक होता त्यांच्यात विशेष फरक पडला नव्हता.

कोलेस्टेरॉलबाबत हात आखडूनच बोलावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २००७ साली मोठ्या काटेकोरपणे केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते बेताचं वाढलेल्या १९२ जणांचे चार गट केले. एका गटाला सँडविचमधून कच्चा ठेचलेला लसूण, दोन गटांना बाजारात मिळणाऱ्या दोन प्रकारच्या गोळ्या आणि चौथ्याला नुसत्या नावाच्या गोळ्या. आठवड्यातून सहा दिवस, सहा महिने हा क्रम चालला. कोणत्याच गटाचं एलडीएल हललं नाही. पुढे २०१३ साली ३९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेल्या लोकांत दोन महिन्यांहून जास्त काळ लसूण घेतल्यावर एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १७ आणि एलडीएल ९ अंकांनी कमी झालेलं आढळलं. फरक आहे, पण थोडा आहे.

तेव्हा रोज एक-दोन पाकळ्या ठेचून जेवणात जरूर घ्या. रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर लसणाच्या भरवशावर ती सोडू नका, निम्मीही करू नका. लसूण खाऊन रक्तदाब उतरतो असं वाटत असेल, तर तो घरी मोजून वहीत मांडा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : आईला हृदयविकारामुळे रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. तिनं लसूण खाल्ला तर चालेल का?

उत्तर : आमटी-भाजीत पडतो तेवढा लसूण साधारणपणे चालतो. कच्चा लसूण मूठभर किंवा लसणाच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. लसणातल्या अजोईनसारख्या द्रव्यांमुळे रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटत नाहीत. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिनच्या जोडीला हा गुण आला तर रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसणाच्या कॅप्सूल निदान सात दिवस आधी बंद करायला सांगतात. दात काढायचा असेल तरी दंतवैद्यांना आधी कल्पना द्या.

इतर औषधांशीही लसणाचा खटका उडतो. एचआयव्हीवरच्या सॅक्विनाव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण लसणाच्या कॅप्सूलमुळे निम्म्यावर आल्याचं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या अभ्यासात दिसलं होतं. ‘आयुर्वेदिक आहे, घरगुती आहे’ म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. औषधांची यादी सांगताना त्यात कॅप्सूलचंही नाव घ्या.

प्रश्न : आमच्याकडे कांदेनवमी झाली की चातुर्मासभर कांदा-लसूण बंद. चार महिने लसूण न खाल्ल्यानं तब्येतीचं काही नुकसान होतं का?

उत्तर : मुळीच नाही. लसूण हा जीवनसत्त्वांचा साठा नव्हे. शंभर ग्रॅम लसणात क जीवनसत्त्व सुमारे ३१ मिलिग्रॅम असतं, पण शंभर ग्रॅम लसूण खातो कोण? एक पाकळी तीन-चार ग्रॅमची, त्यातून मिळतं एखादं मिलिग्रॅम. डाळी, पालेभाज्या, फळं, दही-ताक ताटात असेल तर लसणावाचून काहीही अडत नाही.

आपल्या परंपरेत लसणाला वर्ज्य मानलं गेलं, तसं रसायन म्हणून डोक्यावरही घेतलं गेलं. काश्यपसंहितेत लसणावर स्वतंत्र लशुनकल्प आहे. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे सापडलेलं, भूर्जपत्रावर लिहिलेलं जुनं संस्कृत हस्तलिखित आज बॉवर हस्तलिखित म्हणून ओळखलं जातं. त्याच्या पहिल्या भागात लसणाचेच गुण गायले आहेत. मात्र त्याच आयुर्वेदानं लसूण उष्ण आणि तीक्ष्ण म्हणून पित्ताच्या माणसाला जपून खायला सांगितला आहे. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी हे ऐकावं. चातुर्मास पाळायचा असेल तर निर्धास्त पाळा, फक्त रक्तदाबाच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका.

प्रश्न : बाळंतिणीला लसूण भरपूर द्यावा असं सासूबाई म्हणतात. लसणानं दूध वाढतं का? बाळाला बाधत तर नाही?

उत्तर : दूध वाढतं असं ठामपणे सांगता येत नाही. पण लसणाचा वास दुधात उतरतो, हे १९९१ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशँप यांनी दाखवलं. आईनं लसूण घेतल्यावर सुमारे दोन तासांनी दुधाला त्याचा वास येतो, आणि त्या वेळी बाळं तोंड फिरवण्याऐवजी जास्त वेळ अंगावर पितात, असं त्यांना आढळलं. तेव्हा बाजरीच्या भाकरीबरोबर लसूण-खोबऱ्याची चटणी, शेपूच्या भाजीत चार पाकळ्या, हे खुशाल द्या. सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि पदार्थही चांगला आहे. लसूण खाल्ल्यावर बाळाचं पोट दर वेळी दुखतंय असं वाटलं, तर आठवडाभर कमी करून पाहा.

प्रश्न : लसूण खाल्ला की मला गॅस होतो, पोट फुगतं. काय करावं?

उत्तर : लसणात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस धरतो. आतडी नाजूक असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून फोडणीत पाकळ्या अख्ख्या टाकून, तांबूस झाल्या की काढून घ्याव्यात आणि मग त्या तेलात भाजी घालावी. स्वाद राहतो आणि पोट बिघडत नाही.

पण हे तेल त्या त्या वेळीच करा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवून देणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, आणि तिथे बोटुलिझमचे जिवाणू वाढून जीवघेणं विष तयार करू शकतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे अशाच तेलातल्या लसणातून ३६ जणांना ही विषबाधा झाली. वास किंवा चव बदलेलच असं नाही, त्यामुळे चाखून काही कळत नाही. लोणच्यात भरपूर लिंबू किंवा व्हिनेगर असतं, म्हणून ते टिकतं. असं आंबट काही नसेल तर तेलातला लसूण फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

प्रश्न : मुरुमांवर लसूण चोळावा का? बाळाला सर्दी झाली की छातीला लसूण बांधावा का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. जे अ‍ॅलिसिन जिवाणूंना मारतं तेच कातडीही भाजतं. कच्चा ठेचलेला लसूण बांधून ठेवल्यानं फोड आल्याची, कातडी भाजल्यासारखी सोलून निघाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत आणि त्यात तान्ही बाळंही आहेत. बाळाची कातडी कोवळी असते, त्याला दुखतंय हे सांगताही येत नाही. कृपा करून हा उपाय करू नका.

प्रश्न : लसणाची पेस्ट हिरवी-निळी पडली. टाकून द्यावी का?

उत्तर : टाकू नका. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं यांच्या क्रियेतून हा रंग येतो, विशेषतः थंडाव्यात राहिलेला लसूण आंबट पदार्थाबरोबर वाटला तर. चीनमध्ये तर व्हिनेगरमध्ये मुद्दाम हिरवा केलेला लसूण आवडीनं खातात. बुरशीचा मऊ थर किंवा कुबट वास असेल तरच फेकून द्या.

प्रश्न : लसूण खाल्ल्यावर तोंडाला येणारा वास दात घासूनही जात नाही. का?

उत्तर : कारण तो सगळा तोंडात नसतो. पोटात गेलेल्या लसणातून एक गंधकयुक्त वायू तयार होतो, तो रक्तात शोषला जातो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत सफरचंद, पुदिना, दूध आणि दही यांनी हा वास कमी झाला. लसूण खाल्ल्यानंतर नुसतं दूध पिण्यापेक्षा लसणाबरोबरच घेतलेलं दूध जास्त लागू पडलं. ठेच्याबरोबर वाटीभर दही घेऊन पाहा.

प्रश्न : लसूण रक्तदाबाला चांगला, तर मग ठेचा आणि लसणाची चटणी रोज भरपूर खाल्ली तर?

उत्तर : हा प्रश्न रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णानं विचारायला हवा, कारण इथेच कमावलेलं हातचं जातं. ठेचा, सुकी चटणी, लोणचं यांत लसणाबरोबर मीठही सढळ हातानं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाकाठी सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे एक छोटा चमचाही नाही. भाकरीच्या प्रत्येक घासाला खारट ठेचा लावला, तर लसूण रक्तदाब जेवढा उतरवील त्याहून जास्त मीठ चढवील. ठेचा करताना लसूण आणि लिंबू वाढवा, मीठ निम्मं करा. पहिले काही दिवस अळणी लागेल, मग जीभ सरावते. घरात एकाचा रक्तदाब वाढलेला असेल तर सगळ्यांसाठीच असा ठेचा करा, म्हणजे त्या माणसाला वेगळं ताट वाढून घ्यावं लागणार नाही.