फाल्गुन-चैत्रांतील परसबाग

फाल्गुन लागला म्हणजे विहिरी खालावतात, आणि माणसांस व गुरांस पुरून उरेल तेवढेंच पाणी झाडांच्या वांट्यास येतें. म्हणून, वाचकहो, सगळा वाफा भिजवूं नये. प्रत्येक वेलाकरितां आळें करून त्यांत कुजलेलें शेणखत मिसळावें व काकडी, दोडका किंवा दुधीच्या ३-४ बिया लावाव्या. उगवल्यावर २ जोमदार रोपें ठेवावीं. आळ्यावर वाळलेला पाला दोन-तीन बोटें जाड पसरावा (कडबा मात्र गुरांसाठींच राखावा), म्हणजे ऊन मातीस न लागतां ओल टिकते. वाळवी असेल तेथें पाला बुंध्याशीं भिडवूं नये. पाणी सायंकाळीं घालावें. भाजी-तांदूळ धुतलेलें पाणीही चालतें.

भेंडीचें बीं रात्रभर भिजवून पेरावें. मेथी आतां नको, उन्हानें ती लवकर फुलावर येते, माठ लावावा.

वसंत आला म्हणून पुष्कळ जण गुलाबावर कात्री चालवितात, ही मोठी चूक होय. आपल्या दख्खनच्या हवेंत त्याची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, आश्विनाच्या सुमारास करावयाची. आतां केवळ सुकलेलीं फुलें खुडावीं. मोगऱ्याचें पाणी मात्र चुकवूं नये. त्याचा बहर याच दिवसांत धरतो.