तगरीवरचा हिरवा पतंग

पावसाळ्यात दारच्या तगरीची पाने एकाएकी कुरतडलेली दिसतात आणि झाडाखाली मिऱ्यांसारख्या काळपट लेंड्या पडलेल्या आढळतात. शिक्षकाने विद्यार्थ्यांस प्रथम या लेंड्याच दाखवाव्यात. त्यांच्या वरच्या फांदीवर नीट शोधल्यास पानाच्याच रंगाची, बोटाएवढी अळी सापडते. अंगावर केस नाहीत, दोन्ही कुशींवर पांढरा पट्टा, शेपटाशी लहान पिवळसर शिंग. शिंग पाहून मुले भितात. परंतु ते नांगी नव्हे.

अळीस काडीने हळूच स्पर्श करताच ती डोके आत ओढते, मान फुगते आणि दोन मोठे निळे डोळे वटारल्यासारखे दिसतात. हे डोळे नव्हेत, कातडीवरील ठिपके होत. खरे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस सहा-सहा असून ते पाहण्यास भिंग लागते. सापाचे पिलू समजून ही निरुपद्रवी अळी ठेचली जाते. म्हणून खरे डोळे कोणते, हे मुलांनीच शोधावे. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये.

पूर्ण वाढ होताच हिरवी अळी तपकिरी होते व खाणे सोडून खाली उतरते. ती आजारी पडली असे समजून टाकून देऊ नये. रुंद तोंडाच्या बरणीत सुका पालापाचोळा घालून तीत तिला ठेवावे व तोंडास विरळ फडके बांधावे. पाचोळ्यात ती कोश करते. उबदार हवेत सुमारे दोन आठवड्यांनी पतंग बाहेर येतो. बरणीत खरबरीत काडी उभी असावीच. नवा पतंग तीवर चढून ओले पंख लोंबते ठेवतो, तेव्हाच ते पसरतात. आधार न मिळाल्यास चुरगळलेले राहतात आणि तो कधीच उडू शकत नाही.

पंखांचा विस्तार सुमारे १० सेंटिमीटर; त्यांवर हिरव्या, गुलाबी व पांढऱ्या लाटा. यास फुलपाखरू म्हणू नये. फुलपाखराच्या स्पर्शिकांची टोके गाठीसारखी असतात, याची तशी नसतात. लिनियसने १७५८ साली यास दिलेल्या नावात कण्हेरीचे नाव गुंफले होते. आज तो ‘डॅफ्निस नेरी’ म्हणून ओळखला जातो. कण्हेरही या अळीचे खाद्य. पण ती सर्वांगी विषारी असल्याने पाठासाठी तगरच बरी, आणि पाला हाताळल्यावर हात धुवावेत.

पतंगास टाचणीने टोचू नये. दिवेलागणीस बरणी तगरीजवळ उघडावी. उडण्यापूर्वी तो पंख थरथरवून अंग तापवतो. किती वेळ, ते मुलांनी मोजून वहीत लिहावे.